हत्तीला पाठही असते

(गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवात बालचित्रकला स्पर्धेच्या बक्षीस समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलताना जे पुढे-मागे झालं होतं, ते लिहिताना थोडं सरळ केलं आहे.)



सचिवांनी सांगितलं होतं, परीक्षक म्हणून दोन शब्द बोला आणि बक्षिसं वाटा. दोनाचे थोडे जास्त होणार आहेत. आरतीला अजून वेळ आहे असं त्यांनीच सांगितलं, म्हणून धीर करतो.

आधी एक दुरुस्ती. निवेदन करणाऱ्या ताईंनी मला 'चित्रकार' म्हटलं. मी चित्रकार नाही. मी मध्य प्रदेश शासनाच्या प्राथमिक शाळेत शिक्षक आहे, सांवेरच्या बाजूला एका गावात. शिक्षण डी.एड., म्हणजे पदविका, आणि तीही चित्रकलेची नव्हे. आमच्या शाळेत चित्रकलेचा वेगळा शिक्षक कधीच नव्हता. जो पहिली-दुसरीला गणित आणि हिंदी शिकवतो, तोच चित्रही शिकवतो, आणि मधूनमधून निवडणुकीची ड्यूटीही करतो. माझं मराठी इंदूरचं आहे, त्यात हिंदी डोकावेल. इथे कोणाला त्याचं नवल वाटणार नाही म्हणा.

आता कालच्या स्पर्धेबद्दल. पाच ते आठ वयाचा गट, विषय 'आमचा गणेशोत्सव'. साठ-पासष्ट चित्रं आली. त्यातल्या निम्म्याहून जास्त चित्रांत मागे दोन त्रिकोणी डोंगर होते, डोंगरांमध्ये अर्धा सूर्य, आकाशात चारच्या आकड्यासारखे पक्षी, एका बाजूला नारळाचं झाड. पुढे गणपती. मला सांगा, आपल्या माळव्याच्या पठारावर असे दोन डोंगर कोणी पाहिलेत? नारळ आपल्याकडे पूजेला येतो तो दुकानातून. मुलांनी हे कुठून आणलं? आपणच दिलं. एकदा कोणीतरी हात धरून काढून दाखवलं आणि शाबासकी दिली की मूल तेच काढत राहतं, कारण त्यात धोका नाही.

त्याच गठ्ठ्यात एक वेगळं चित्र होतं. कागदाच्या खालच्या अर्ध्या भागात नुसते पाय. पायजम्याचे, लुगड्याचे, एक पाय प्लास्टर घातलेला. त्याच्यावर पाठी. पाठींच्या फटीतून अगदी वर, एक पिवळा त्रिकोण आणि धूर. बस. गणपती नाहीच. माझ्या हातात मंडळाचा छापील तक्ता होता: विषय १० गुण, रंगसंगती १० गुण, सफाई १० गुण. मी तक्त्याप्रमाणे त्या चित्राला तिसातले ११ दिले आणि सही केली.

घरी जेवताना लक्षात आलं. हे मूल साडेतीन फुटांचं आहे. आरतीला ते मागे उभं राहतं. त्याला जेवढं दिसलं तेवढं त्यानं काढलं. पिवळा त्रिकोण म्हणजे मुकुटाचं टोक, आणि धूर कापराचा. एकामागे एक माणसं झाकलेली, जवळचे पाय मोठे, लांबचं टोक छोटं. चित्रातला अवकाश म्हणतात तो हाच. मोठ्या वर्गातल्या मुलांना हे फळ्यावर समजावताना घाम फुटतो. साठ-पासष्टांमध्ये आपला गणेशोत्सव त्या एका चित्रात होता, आणि मी त्याला ११ गुण दिले. निकाल लागला आहे, बक्षिसं बांधून तयार आहेत. ज्यांना मिळणार त्यांचं काही चुकलेलं नाही. पण हे सांगितल्याशिवाय वाटप करणं मला जड गेलं असतं.

अशी चूक मी पहिल्यांदा केलेली नाही, म्हणूनच ती लवकर ओळखता आली. नोकरीची सुरुवातीची वर्षं होती. पहिलीत एक मुलगी होती, मजुरी करणाऱ्या घरातली. ती पाटीवर सारखे हत्ती काढायची. तिच्या हत्तीला पाच पाय असायचे, सोंड डोक्यावरून निघायची. एकदा अधिकारी येणार होते, भिंतीवर लावायला चित्रं हवी होती. मी तिच्या शेजारी बसलो, तिचा हात धरला आणि 'असा असतो बघ हत्ती' म्हणून चांगला हत्ती काढून घेतला. अधिकाऱ्यांनी कौतुक केलं. त्यानंतर ती कोरा कागद घेऊन माझ्याकडे यायची आणि म्हणायची, "सर, आप बना दो." पाचवी होऊन ती दुसऱ्या शाळेत गेली, तोपर्यंत तिनं स्वतःहून हत्ती काढलेला मी पाहिला नाही. पाचवा पाय ही सोंडच असावी, असं मला फार नंतर सुचलं. तिला विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं.

लहान मुलांची चित्रं चुकलेली नसतात, त्यांचा एक क्रम असतो, हे मी पुढे वाचलं. व्हिक्टर लोवेनफेल्ड नावाच्या शिक्षकानं १९४७ साली त्यावर मोठं पुस्तक लिहिलं. दोन ते चार वर्षांचं मूल गिरगटतं, चार ते सात या काळात त्या गिरगटण्यातून माणूस, घर दिसू लागतं, सात ते नऊच्या सुमारास कागदाच्या तळाशी जमिनीची रेघ येते आणि सगळं त्या रेघेवर उभं राहतं. जे महत्त्वाचं ते मोठं. आई घरापेक्षा मोठी. तिला लहान करायला लावणारे आपण कोण?

तर मग शिकवायचं काही नाहीच का? आहे. इथे एलिमेंटरी, इंटरमिजिएटच्या परीक्षा दिलेल्या काकू असतील, त्यांना ठाऊक आहे: रेषा, आकार, रंग, छटा, पोत, घनता, अवकाश. ही चित्राची मुळाक्षरं. माझं म्हणणं एवढंच की सहा वर्षांच्या मुलाला हे शब्द आधी द्यायचे नाहीत. आधी वस्तू हातात द्यायची, करू द्यायचं, आणि मूल स्वतःच काहीतरी म्हणालं की मग हळूच नाव सांगायचं. मी उलटं करून पाहिलंय. फळ्यावर 'रेखा के प्रकार' लिहिले, मुलांनी सुबक अक्षरात उतरवून घेतले, आणि त्यातून एकही रेघ जन्माला आली नाही.

आता सुतळी देतो. प्रत्येकाला एक वाव. सांगतो, ही झोपव. आता उठव. आता तिला राग आलाय. आता ती पावसात पळतेय. सगळा वर्ग जमिनीवर पालथा पडतो. मग बाहेर जाऊन तशा रेघा शोधायच्या: नांगराचे चास, विजेच्या तारा, गाईच्या पाठीवरचा चाबकाचा वळ (हेही एका मुलानंच दाखवलं). एका मुलानं सुतळी भिंतीच्या कडेनं लावत लावत दारापर्यंत नेली आणि बाहेर बघत म्हणाला, "सर, लकीर खतम नी हुई, सुतली खतम हुई." मी वीस वर्षं शिकवतोय, रेषेबद्दल याहून चांगलं मला सांगता आलेलं नाही. त्या दिवशी 'रेखा' हा शब्द फळ्यावर लिहिला, आणि तो कोणाला पाठ करावा लागला नाही.

घरी करायचं असेल तर आजीची महेश्वरी साडी काढा. तिच्या काठावर चटई आहे, वीट आहे, हिरा आहे, लहर आहे. ही नक्षी महेश्वरच्या किल्ल्याच्या आणि घाटाच्या दगडावरून उतरली असं विणकर सांगतात. नातवाला बोटानं काठ गिरवू द्या. आजी नको म्हणणार नाही, फक्त हात धुवायला लावील.

आकारासाठी आमच्याकडे भाजी आहे. मध्यान्ह भोजन बनवणाऱ्या ताई भेंडीची डेखं आणि कांद्याचे बुडखे बाजूला ठेवतात. खर्च शून्य. गेरू आणि खडी पाण्यात कालवायची, थोडा डिंक, आणि ठसे मारायचे. भेंडी आडवी कापली की पाच कोनांचं फूल, कांद्यात वर्तुळात वर्तुळ. दोन-तीन दिवस मुलं जे दिसेल ते कापून आत काय आहे ते बघतात, मग जरा सांभाळावं लागतं. कात्री मी पहिल्या वर्षी देत नाही. कागद हातानं फाडायचा. फाडलेल्या कडेला जो जीव असतो तो कापलेल्या कडेला नसतो, शिवाय बोटं तयार होतात. त्याच बोटांनी पुढे पेन्सिल धरायची असते.

रंगाचं सांगतो. बाजारातल्या मेणखडूंच्या डबीत एक हिरवा असतो. मूल समजतं, हिरवा एकच. पावसाळ्यात मी सांगतो, येताना प्रत्येकानं काहीतरी हिरवं आणा. सोयाबीनचं पान, गवत, कडुनिंबाची कोवळी डहाळी, शेवाळाचा खडा, कोणी पोपटाचं पीस. एक पोतं अंथरतो आणि म्हणतो, फिकं इकडे, गडद तिकडे, रांग लावा. भांडणं होतात. 'मेरा वाला पहले.' तासभर भांडल्यावर कळतं की कोणतेच दोन हिरवे सारखे नाहीत. दुसऱ्या दिवशी पिवळा आणि निळा, दोनच रंग, बाटलीच्या झाकणांत, आणि त्या रांगेतला आपापला हिरवा बनवायचा. छटा हा शब्द त्यानंतर. हळदीत चुना घातला की लाल होतं, हेही एकदा दाखवतो. कुंकू असंच होतं हे सांगितलं की मुली घरी जाऊन आईला सांगतात, आणि आई म्हणते, मला ठाऊक आहे.

पोत कसा शिकवायचा हे मला बराच काळ सुचत नव्हतं, कारण पोत डोळ्यांनी शिकवायला गेलो होतो. आता जुन्या उशीच्या अभ्र्यात नारळाची शेंडी, मक्याच्या कणसाचे दाणे काढून उरलेलं बुरकुंड, घोसाळ्याची वाळकी जाळी, रेशमी चिंधी, पिंपळाची साल असं भरतो. आत हात घालायचा, बघायचं नाही, काढायचं नाही, फक्त कसं लागतं ते सांगायचं. वर्गात वर्षभर न बोलणारी मुलं इथे बोलतात. नंतर नाण्यावर किंवा पानावर कागद ठेवून वरून खडू घासायचा, की हाताला लागलेलं कागदावर दिसू लागतं.

आणि घनता. इथे मातीला पर्याय नाही. आता गणपती बसलेत म्हणून विचारतो, तुमच्यापैकी किती जणांनी गणपतीची पाठ पाहिलीय? हसू नका. आमच्या घरी थोरली माणसं सांगायची, गणपतीची पाठ पाहू नये. मुलंही मातीचं काही करायला बसली की फक्त पुढची बाजू करतात, पोळीसारखी चपटी. म्हणून वर्गात मी हत्तीच घेतो. त्याची पाठ बघायला कोणाची हरकत नाही, आणि माझ्या वर्गात सगळ्या घरांतली मुलं आहेत, हत्ती सगळ्यांचाच. तो मध्ये ठेवायचा आणि भोवती फिरायचं, मागून कसा दिसतो, वरून कसा दिसतो. 'अरे, इसकी पीठ भी है!' असं एकजण ओरडला होता, जणू हत्तीनं ती आतापर्यंत लपवून ठेवली होती.

शाडू आम्हाला परवडत नाही, गावची काळी माती घेतो. काळी माती भिजली की फुगते, वाळली की आक्रसते, उन्हाळ्यात शेतांना भेगा पडतात त्या याच कारणानं. पहिल्या वर्षी सगळे हत्ती रात्रीत तडकले. सकाळी मुलं रडतील म्हणून मी घाबरत गेलो, तर ती म्हणत होती, हत्ती म्हातारे झाले. तडे म्हणजे सुरकुत्या. मग राख आणि बारीक भुसा मिसळून पाहिलं, तडे कमी झाले. काहींनी मुद्दाम साधी मातीच मागितली, त्यांना म्हातारा हत्ती हवा होता. बारीक पायांचे हत्ती बसले, जाड पायांचे उभे राहिले. पाय जाड करा असं मला सांगावं लागलं नाही.

हे सगळं माझ्या डोक्यातून निघालेलं नाही. बोर्डी-कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी खडे, शिंपले, पानं, बिया यांवर बालवाडी चालवली, ती आपल्याच भाषेतली मोठी गोष्ट आहे. आणि इंदूरमध्ये तर दूर जायलाच नको. १९२७ साली इथे देवळालीकरांनी कलाशाळा सुरू केली, त्यातून बेंद्रे निघाले, हुसेन निघाले, हे आपण अभिमानानं सांगतो. पण त्याच परंपरेतल्या विष्णू चिंचाळकर गुरुजींना आपण जरा कमी आठवतो. गुरुजींचा हात उत्तम चित्रकाराचा होता, पण त्यांनी वाळकी पानं, मुळं, शेंगा, फेकलेल्या वस्तू उचलल्या आणि त्यात चेहरे, पक्षी, माणसं दाखवली. फार काही जोडायचं नाही, आहे त्यात बघायचं. मुलांसाठी त्यांनी अक्षरांतून आणि आकड्यांतून चित्रं फुलवली. या सभागृहात त्यांना प्रत्यक्ष पाहिलेले लोक नक्की असतील. त्यांनी आपल्या नातवंडांना गुरुजींबद्दल सांगावं, एवढी विनंती.

आता मुद्द्याचं. अनंत चतुर्दशीला विसर्जन, आणि दुसऱ्याच दिवशी पौर्णिमेपासून माळव्यात संजा सुरू होते. आपल्यातल्या कितीतरी काकू लहानपणी शेजारच्या मुलींबरोबर संजा मांडत असतील. भोंडल्याचा पाटावरचा हत्ती आपला, तशी संजाही इथे पाच पिढ्या राहून आपलीच झाली. भिंतीवर शेणानं आकृती करायची, वर फुलांच्या पाकळ्या आणि चमकी चिकटवायची. रोज वेगळी. सप्तमीला सातिया, म्हणजे स्वस्तिक. अष्टमीला आठ पाकळ्यांचं फूल. नवमीला डोकरा-डोकरी. शेवटी किलाकोट, म्हणजे मोठी तटबंदी, आणि तिच्या आत सूर्य, चंद्र, गाडी, जाडी जसोदा आणि पतली पेमा. मी मघापासून जे सांगतोय ते सगळं यात आहे: रेघ, आकार, रंग, हाताला लागणारा पोत, आणि किलाकोटात कोणाला कुठे जागा द्यायची हा अवकाशाचा प्रश्न. जसोदा जाड आणि पेमा बारीक, हे पाच वर्षांच्या पोरीला कोणी समजावत नाही. आणि इथे गुण नसतात. सकाळी कालची उतरवायची, संध्याकाळी नवी मांडायची.

म्हणून कार्यकारिणीला दोन गोष्टी मागतो. पुढच्या वर्षीपासून आठ वर्षांखालच्या गटाला नंबर देऊ नका. सगळ्यांची चित्रं मंडपात लावा, खाली मुलानं स्वतः सांगितलेलं एक वाक्य लिहा, आणि खाऊ सगळ्यांना सारखा द्या. काही पालक विचारतील, मग मूल पुढे कसं जाणार. नऊ वर्षांनंतर हव्या तेवढ्या स्पर्धा घ्या, मीच परीक्षक म्हणून येईन. तो छापील तक्ता मात्र मला परत देऊ नका. मी त्याच्यावर पुन्हा सही करीन अशी मला भीती वाटते.

दुसरी गोष्ट अगदी छोटी आहे. सभागृहाच्या मागची भिंत सोळा दिवस मुलांना द्या. सचिव मघाशी हो म्हणालेत, आता माइकवर सांगतो म्हणजे नाही म्हणता येणार नाही. पौर्णिमेला संध्याकाळी पाच वाजता या. मुलगेही चालतील. कपडे जुने घाला. फुलं आपापली आणा, झेंडू, गुलतेवडी, काहीही, आणि चॉकलेटचे चमकदार कागद आत्तापासून जमवायला लागा. २०१७ पासून स्वच्छतेत पहिला नंबर लागतोय, तेव्हापासून शहरात शेण मिळणं अवघड झालंय, तर ते मी शाळेच्या गावाहून बादलीत आणतो.

आणि ज्या मुलानं पायांचं चित्र काढलंय, त्यानं किंवा तिनं आरती झाल्यावर मला भेटावं. चित्र माझ्या पिशवीत आहे. मला त्यातल्या प्लास्टरवाल्या पायाबद्दल विचारायचं आहे.